टॅब्लेट संगणक : पडदा किती सूक्ष्म, यंत्र किती समर्थ?

शाळेसाठी, ग्रामपंचायतीसाठी किंवा एखाद्या क्षेत्रीय कार्यालयासाठी टॅब्लेट संगणक घ्यावयाचे ठरले, म्हणजे दरपत्रके मागविली जातात आणि त्यांवरून तुलनात्मक तक्ता तयार होतो. तक्त्यात पडद्याच्या आकाराचा एक रकाना असतो, मेमरीचा असतो, बॅटरीचा असतो. आणि 'रेझोल्यूशन' या मथळ्याखाली १२८०×८००, १९२०×१२०० असे गुणाकार लिहिलेले असतात. शेजारच्या रकान्यात 'ग्राफिक्स' या नावाखाली एखादे अपरिचित नाव व त्यापुढे एक क्रमांक असतो. समितीचे सदस्य पहिल्या रकान्यातील मोठा गुणाकार पाहून समाधान मानतात आणि दुसऱ्या रकान्यावरून नजर फिरवून पुढे जातात. त्यात त्यांचा दोष नाही. मोठा आकडा तो चांगला, हा हिशेब धान्याच्या पोत्याला लागू पडतो. तो यंत्रालाही लागू पडत असेल, असे कोणासही वाटेल. टॅब्लेटच्या बाबतीत मात्र हे दोन रकाने एकमेकांशी बांधलेले आहेत. एक वाढला आणि दुसरा त्या प्रमाणात वाढला नाही, तर अधिक पैसे मोजून आपण अधिक मंद यंत्र घेऊन येतो. हे कसे घडते आणि खरेदीपूर्वी ते कसे ओळखावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ठिपक्यांचा हिशेब

टॅब्लेटचा पडदा भिंगातून पाहिला, तर तो बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसतो. या ठिपक्याला पिक्सेल किंवा चित्रबिंदू म्हणतात. प्रत्येक चित्रबिंदूत तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन भाग असून त्यांच्या कमीअधिक प्रकाशातून हवा तो रंग साधला जातो. वर्तमानपत्रातील छायाचित्र ठिपक्यांचे असते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कल्पना नवीन वाटणार नाही. १२८०×८०० याचा अर्थ आडव्या ओळीत १२८० आणि उभ्या ओळीत ८०० चित्रबिंदू, म्हणजे एकूण १० लाख २४ हजार. १९२०×१२०० याचा गुणाकार २३ लाख ४ हजार होतो. तो पहिल्याच्या बरोबर सव्वादोनपट आहे.

परंतु केवळ एकूण संख्येवरून चित्राची सुबकता कळत नाही. तेवढेच ठिपके लहान पडद्यावर दाटीने बसतात आणि मोठ्या पडद्यावर विरळ होतात. म्हणून दर इंचामागे किती ठिपके, हे माप पाहावे लागते. ते काढण्यास पायथागोरसचा सिद्धांत पुरतो. दोन्ही आकड्यांचे वर्ग करून त्यांची बेरीज करावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला पडद्याच्या कर्णाच्या इंचांनी भागावे. १२८०×८०० चा १०.१ इंची पडदा घेतला तर उत्तर सुमारे १४९ येते. त्याच ठिपक्यांचा ८ इंची पडदा घेतला तर सुमारे १८९ येते. दरपत्रकात हे माप नेहमीच दिलेले असते असे नाही. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण फळ्यावर घालून दिले, तर गणिताच्या शिक्षकांनाही ते आवडेल.

या दाटीला एक नैसर्गिक मर्यादा आहे. निरोगी दृष्टीच्या माणसाला साधारणपणे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातील तपशील वेगळा ओळखता येतो. हे माप धरून हिशेब केला, तर पडदा डोळ्यांपासून १५ इंचांवर असताना दर इंचाला सुमारे २३० ठिपके पुरेसे ठरतात. १२ इंचांवर सुमारे २८६ लागतात. त्यापलीकडे ठिपके वाढविले तरी सर्वसामान्य डोळ्याला फारसा फरक जाणवत नाही. डोळ्याला न जाणवणारा तो ठिपका रंगविण्याचे श्रम मात्र यंत्राला चुकत नाहीत.

पडद्यामागील काम

हे श्रम कोणते, ते पाहू. बहुतेक टॅब्लेटचा पडदा दर सेकंदाला ६० वेळा ताजा केला जातो. चित्र हलत असेल, तर प्रत्येक वेळी नवे चित्र तयार करून पडद्याच्या हवाली करावे लागते. एका चित्रासाठी मिळणारा अवधी सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे जेमतेम १६.७ मिलिसेकंद. एका ठिपक्याचा रंग साठविण्यास सामान्यतः चार बाइट जागा लागते. १९२०×१२०० च्या पडद्यासाठी एका चित्राचे ९२ लाखांहून अधिक बाइट झाले आणि ६० चित्रांचे सेकंदाला ५५ कोटींहून अधिक. ही केवळ तयार चित्र पडद्यापर्यंत नेण्याची वाहतूक झाली. चित्र घडविण्याचे काम निराळे.

ते काम ग्राफिक्स प्रोसेसर करतो. टॅब्लेटमधील मुख्य प्रोसेसर हा एखाद्या जाणत्या हेडक्लार्कसारखा असतो. आलेले प्रकरण तो क्रमाने वाचतो, नियम पाहतो, निर्णय घेतो आणि दुसरे हाती घेतो. ग्राफिक्स प्रोसेसरचे काम जनगणनेच्या कामासारखे असते. प्रत्येक घराची माहिती स्वतंत्र असल्यामुळे हजारो प्रगणक एकाच वेळी कामाला लावता येतात. तसेच प्रत्येक ठिपक्याचा रंग बहुतांशी स्वतंत्रपणे ठरवावयाचा असल्यामुळे एकाच पद्धतीचे अनेक लहान गणक त्यावर एकदम राबविता येतात. हे गणक किती आहेत आणि त्यांची गती काय, यावर ग्राफिक्सचे बळ अवलंबून असते.

मानवी हृदयाची त्रिमितीय प्रतिकृती पडद्यावर फिरवून दाखवावयाची आहे, असे समजा. प्रथम तिचा पृष्ठभाग हजारो लहान त्रिकोणांत मांडला जातो व त्या त्रिकोणांच्या जागा ठरविल्या जातात. हा भाग पडद्यावरील ठिपक्यांच्या संख्येवर फारसा अवलंबून नसतो. त्यानंतर प्रत्येक त्रिकोण कोणते ठिपके व्यापतो, त्यांवर प्रकाश कसा पडतो, पोत कोणता, हे ठरविण्याचे काम येते. ते थेट ठिपक्यांच्या संख्येबरोबर वाढते. मागची वस्तू रंगवून झाल्यावर तिच्यापुढे दुसरी आली, तर तोच ठिपका पुन्हा रंगवावा लागतो; एका चित्रात एकाच ठिपक्यावर तीन-चार वेळा हात फिरणे ही नित्याची बाब आहे.

विहिरीवरील पंप तोच ठेवून भिजवावयाचे क्षेत्र दुप्पट केले, तर पाण्याची पाळी लांबते. टॅब्लेटमध्ये नेमके तेच होते. १६.७ मिलिसेकंदांत चित्र पुरे झाले नाही, तर पडदा जुनेच चित्र पुन्हा दाखवितो. सेकंदाला ६० ऐवजी ३० किंवा २० नवी चित्रे दिसू लागतात आणि हालचाल अडखळत चालल्यासारखी वाटते. बोटाने नकाशा सरकविला, तर तो बोटामागून फरफटत येतो.

२०१२ मधील दोन टॅब्लेट

हा सिद्धांत व्यवहारात कसा उतरतो, हे पाहण्यास २०१२ हे वर्ष फार सोयीचे आहे. त्या एका वर्षात दोन टॅब्लेट आले. त्यांपैकी एकाने पडदा बदलला, दुसऱ्याने पडदा तसाच ठेवून यंत्र बदलले.

पहिला अमेरिकेतील ॲपल कंपनीचा. तिचा मूळ आयपॅड २०१० मध्ये आला. त्याचा पडदा ९.७ इंची आणि १०२४×७६८ ठिपक्यांचा, म्हणजे इंचाला १३२ ठिपक्यांचा होता. २०११ मधील आयपॅड २ मध्ये पडदा तोच राहिला. आत 'ए-५' ही नवी चिप आली व तीत पॉवरव्हीआर एसजीएक्स ५४३ या जातीचे दोन ग्राफिक्स गाभे होते. पडदा जुना आणि बळ नवे, त्यामुळे हे यंत्र चपळ म्हणून नावाजले गेले. त्यानंतर ७ मार्च २०१२ रोजी तिसऱ्या पिढीचा आयपॅड जाहीर झाला. त्याच ९.७ इंचांत २०४८×१५३६ ठिपके बसविण्यात आले होते. इंचाला २६४ ठिपके, एकूण ३१ लाख ४५ हजारांहून अधिक. घरातील फुल एच.डी. दूरदर्शन संचाचे ठिपके २० लाख ७३ हजार ६०० असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळेल. अक्षरे छापल्यासारखी दिसत. ज्यांनी तो पडदा त्या काळी प्रथम पाहिला, त्यांना जुन्या पडद्यावरील अक्षरे एकाएकी भरड वाटू लागली.

आता दुसरा रकाना पाहावा. नव्या 'ए-५ एक्स' चिपमध्ये त्याच जातीचे ग्राफिक्स गाभे दोनाऐवजी चार करण्यात आले होते. मुख्य प्रोसेसर पूर्वीइतकाच, दोन गाभ्यांचा होता. म्हणजे ठिपके चौपट आणि त्यांना रंगविणारे हात दुप्पट. दर ठिपक्यामागे मिळणारे बळ निम्म्यावर आले. कंपनीने ग्राफिक्स दुप्पट झाल्याचे सांगितले ते खरेच होते, आणि पडद्याचे ठिपके चौपट झाल्याचे सांगितले तेही खरे होते. दोन्ही विधाने शेजारी ठेवून भागाकार करण्याचे काम ग्राहकावर सोपविलेले होते. खेळ तयार करणाऱ्या अनेकांनी यातून मार्ग काढला तो असा : चित्र कमी ठिपक्यांत घडवावयाचे आणि मग ते ताणून पूर्ण पडद्यावर पसरावयाचे. अशा वेळी सूक्ष्म पडद्याचा मोठा भाग वायाच जातो.

ठिपके वाढल्याची किंमत आणखी एका ठिकाणी मोजावी लागली. ठिपका जितका लहान, तितकी त्यातून मागचा प्रकाश आरपार येण्यास वाट कमी. म्हणून मागील दिवे अधिक लागतात. चार गाभ्यांनाही वीज अधिक लागते. आयपॅड २ ची बॅटरी २५ वॅट-तासांची होती, नव्याची ४२.५ वॅट-तासांची, म्हणजे ७० टक्क्यांनी मोठी करावी लागली. एवढे करूनही एका भरणीत चालण्याचा काळ पूर्वीइतकाच, सुमारे दहा तास राहिला. जाडी ८.८ मिलिमीटरवरून ९.४ वर गेली आणि वजन ६०१ ग्रॅमवरून ६५२ ग्रॅमवर. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकन ग्राहक-नियतकालिकाने त्याच महिन्यात एक खेळ चालवून या आयपॅडच्या पाठीचे तापमान मोजले, तेव्हा ते ११६ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे ४७ अंश सेल्सियसपर्यंत गेलेले आढळले.

पुढची हकीकत बोलकी आहे. २३ ऑक्टोबर २०१२ रोजी, म्हणजे साडेसात महिन्यांतच, चौथ्या पिढीचा आयपॅड जाहीर झाला. त्याचा पडदा तोच होता. फक्त 'ए-६ एक्स' ही चिप नवी होती आणि ग्राफिक्सचे बळ दुपटीपर्यंत वाढल्याचा दावा होता. तिसऱ्या पिढीची विक्री त्याच वेळी थांबली. कमी ठिपक्यांचा आयपॅड २ मात्र मार्च २०१४ पर्यंत विकला जात होता. ॲपलच्या मोठ्या आयपॅडची दाटी पुढे २०२४ च्या आयपॅड प्रोपर्यंत इंचाला २६४ एवढीच राहिली. बारा वर्षे ठिपक्यांची दाटी थांबली आणि बळ वाढत गेले. डोळ्याची मर्यादा कोठे आहे, हे कंपनीलाही उमगले होते, असे त्यावरून म्हणता येईल.

'आकाश'ची उलटी वाट

दुसरे उदाहरण आपल्या देशातील आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री श्री. कपिल सिब्बल यांच्या हस्ते नवी दिल्ली येथे 'आकाश' या स्वस्त टॅब्लेटचे प्रकाशन झाले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या हाती संगणक द्यावा, हा त्यामागील हेतू होता आणि शासनाची खरेदी-किंमत सुमारे ५० डॉलर होती. ७ इंची पडदा, ८००×४८० ठिपके. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, मेमरी २५६ मेगाबाइट. पडद्याला बोटाचा नुसता स्पर्श पुरत नसे, दाब द्यावा लागे. यंत्र मंद असल्याच्या आणि पडदा नीट प्रतिसाद देत नसल्याच्या तक्रारी लवकरच येऊ लागल्या.

सुधारित 'आकाश २' तयार करण्याच्या कामाची सूत्रे मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेकडे आली. प्रा. दीपक फाटक यांचे नाव या प्रकल्पाशी जोडले गेले आहे. राष्ट्रपती श्री. प्रणव मुखर्जी यांनी ११ नोव्हेंबर २०१२ रोजी या टॅब्लेटचे उद्घाटन केले. त्याच्या गुणविशेषांचा तक्ता पाहिला, तर ठिपक्यांचा रकाना जसाच्या तसा दिसतो : ७ इंच, ८००×४८०. प्रोसेसर मात्र १ गिगाहर्ट्झचा झाला, मेमरी दुप्पट, म्हणजे ५१२ मेगाबाइट झाली आणि पडदा हलक्या स्पर्शाला प्रतिसाद देणारा आला. ठिपक्यांची संख्या होती अवघी ३ लाख ८४ हजार. ती वाढविली असती, तर जाहिरातीत शोभा आली असती. परंतु वाढविलेले सारे बळ त्या ठिपक्यांनीच खाऊन टाकले असते. ५० डॉलरच्या आसपासच्या यंत्रात पैसा कोठे घालावयाचा, याचा हा निर्णय माझ्या मते शहाणपणाचा होता. 'आकाश' योजनेच्या वितरणाबद्दल आणि पुरवठ्याबद्दल पुष्कळ टीका झाली व तीतील बरीचशी योग्यही होती. तिचा या तांत्रिक निर्णयाशी संबंध नाही.

चाचणीचे दोन प्रकार

दोन टॅब्लेटांच्या ग्राफिक्सची तुलना करण्यासाठी तयार चाचण्या असतात. हंगेरीतील किशोंती या कंपनीची 'जीएलबेंचमार्क' ही चाचणी त्या काळात सर्वतोमुखी होती. पुढे तीच 'जीएफएक्सबेंच' या नावाने ओळखली जाऊ लागली. तीत ठराविक त्रिमितीय दृश्य यंत्राकडून रेखाटून घेतले जाते आणि सेकंदाला किती चित्रे निघाली, ते मोजले जाते.

याच ठिकाणी वाचकाने सावध व्हावे. ही चाचणी दोन प्रकारे घेता येते. पहिल्या प्रकारात दृश्य त्या त्या टॅब्लेटच्या स्वतःच्या पडद्यावर, त्याच्या पूर्ण ठिपक्यांत रेखाटले जाते. दुसऱ्यात पडदा बाजूला ठेवून ते सर्व यंत्रांसाठी एकाच ठरीव आकारात, उदाहरणार्थ १९२०×१०८० मध्ये, मेमरीतच रेखाटले जाते. दुसरा प्रकार चिपची ताकद सांगतो. पहिला सांगतो, की ती ताकद या विशिष्ट पडद्याला पुरते की नाही. तिसऱ्या पिढीचा आयपॅड दुसऱ्या प्रकारच्या चाचणीत आयपॅड २ च्या स्पष्टपणे पुढे होता, आणि स्वतःच्या पडद्यावर रेखाटताना ती आघाडी त्याच्या हाती राहत नसे. विक्रेता यांपैकी सोयीचा आकडा देतो. दोन टॅब्लेटांसाठी दोन निरनिराळ्या प्रकारांतले आकडे एकाच तक्त्यात येऊन बसले, तर ती तुलना मण आणि मीटर यांची तुलना होईल.

नुसता 'चौपट वेगवान' असा दावा तर विचारातच घेऊ नये. ए-५ एक्स जाहीर करताना ॲपलने आपले ग्राफिक्स एनव्हिडिया कंपनीच्या टेग्रा ३ या चिपच्या चौपट असल्याचे सांगितले. त्यावर, कोणत्या चाचणीत, असा प्रश्न एनव्हिडियाने विचारला. समितीनेही तोच प्रश्न विचारावा. शिवाय २०१३ मध्ये असेही उघडकीस आले, की काही भ्रमणध्वनी संच चाचणीचा कार्यक्रम नावावरून ओळखून तेवढ्यापुरती आपली गती वाढवितात. तपासणीच्या दिवशी शाळेचे अंगण झाडून ठेवावे, तशातलाच हा प्रकार.

शासन निर्णयाचे पान

आपल्या वाचकांपैकी फारच थोड्यांना टॅब्लेटवर त्रिमितीय खेळ खेळावयाचे असतील. त्यांना शासन निर्णय वाचावयाचे असतात, पाठ्यपुस्तकांची पाने मुलांना दाखवावयाची असतात, गावनकाशा उघडावयाचा असतो. तेव्हा या कामांना किती ठिपके लागतात, हे पाहणे अगत्याचे आहे.

शासन निर्णय ए-४ आकाराच्या पानावर असतो. त्याची रुंदी ८.२७ इंच. टॅब्लेट उभा धरून ते पान पूर्ण रुंदीत उघडले, तर पडद्याच्या लहान बाजूचे ठिपके त्या रुंदीला वाटून मिळतात. १२ पॉइंटाच्या अक्षराला कागदावर इंचाचा सहावा भाग उंची मिळते. हिशेब केला, तर १२८०×८०० च्या पडद्यावर त्या उंचीला सुमारे १६ ठिपके येतात, १९२०×१२०० वर २४, आयपॅडच्या २०४८×१५३६ वर ३१, आणि 'आकाश'च्या ४८० ठिपक्यांत तर दहाही नाहीत.

रोमन लिपीला सोळा ठिपके एक वेळ चालून जातील. देवनागरीचे तसे नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि ऋकार. त्यांचा वाटा दिल्यावर अक्षराच्या मूळ अंगाला निम्म्याच्या आसपास ठिपके उरतात, आणि त्यांतच 'ष्ट्र', 'द्ध', 'क्ष्म' अशी जोडाक्षरे मावावयाची असतात. ठिपके अपुरे पडले की प्रथम गाठी बुजतात. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांतील भेद एवढ्याशा गाठीवर किंवा वळणावर उभा आहे. 'ष्ट' आणि 'ष्ठ' यांचेही तसेच. मतदारयादीतील नाव किंवा लाभार्थ्याचे आडनाव वाचताना ही बाब किरकोळ राहत नाही. यंत्र कडांना करडी छटा देऊन अक्षर मऊ करते, त्याने थोडे निभावते. दिवसभर वाचावयाचे असेल तर डोळे थकतात.

येथे ठिपक्यांबरोबर पडद्याचा आकार व घडणही पाहावी लागते. ८ इंची १६:१० घडणीच्या पडद्याची लहान बाजू सव्वाचार इंचांच्या आत भरते, त्यामुळे ए-४ पान जवळजवळ निम्मे होते व १२ पॉइंटाचे अक्षर ६ पॉइंटाच्या आसपास दिसते. १०.१ इंचीवर ते पान मूळच्या सुमारे ६५ टक्के होते, ९.७ इंची ४:३ घडणीच्या पडद्यावर सुमारे ७० टक्के. लांबट पडदा चित्रफितीस सोयीचा, चौकोनाकडे झुकणारा पडदा कागदपत्रास सोयीचा. वाचन हेच मुख्य काम असेल, तर १०.१ इंचांत १९२०×१२०० या पडद्यासाठी दिलेले जादा पैसे सार्थकी लागतात, असे माझे मत आहे.

मात्र वाचनालाही बळ लागतेच. पान दोन बोटांनी मोठे केले, की यंत्राला ते नव्याने रेखाटावे लागते. स्कॅन केलेले शंभर पानांचे दस्तऐवज उलटताना दुबळे यंत्र प्रत्येक पानाला क्षणभर कोरे राहते. या कामाचा बराच भार मुख्य प्रोसेसर व मेमरी यांवर पडतो. म्हणून सूक्ष्म पडदा आणि अपुरी मेमरी ही जोडी सर्वांत वाईट.

चित्रफितीचा प्रकार निराळा. ती उलगडण्यासाठी चिपमध्ये स्वतंत्र मंडल असते. ग्राफिक्सचा क्रमांक पाहून चित्रफीत कशी चालेल हे सांगता येत नाही. शैक्षणिक चित्रफीत १२८०×७२० मध्ये तयार केलेली असेल, तर १२८०×८०० चा पडदा तिला पुरेपूर न्याय देतो. तीच चित्रफीत २०४८×१५३६ वर ताणून दाखविली, तरी तीत नसलेला तपशील कोठून येणार? वर्गातील मुलांना चित्रफितीच दाखवावयाच्या असतील, तर ठिपक्यांसाठी जादा पैसे देण्याचे कारण नाही. विज्ञानाच्या त्रिमितीय प्रतिकृती, उपग्रहचित्रांवर गावाच्या सीमा दाखविणारे नकाशे, अशी कामे असतील तेव्हा मात्र ग्राफिक्सचा रकाना प्रथम वाचावा.

उन्हाळ्यातील यंत्र

चाचणीचे आकडे बहुधा थंड खोलीत आणि पहिल्या काही मिनिटांत घेतलेले असतात. टॅब्लेटला पंखा नसतो. आतील उष्णता पाठीवाटेच बाहेर पडावयाची. चिप तापू लागली, की स्वतःचे रक्षण करण्यासाठी ती आपली गती उतरविते. पहिल्या मिनिटाला सेकंदाला ५० चित्रे देणारे यंत्र अर्ध्या तासानंतर तेवढी देईलच असे नाही. सूक्ष्म पडद्याला दिवेही अधिक आणि रंगविण्याचे कामही अधिक, म्हणून त्याला ही झळ लवकर लागते. ॲपल आपल्या आयपॅडसाठी भोवतालच्या तापमानाची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सियस अशी देते. चंद्रपूर किंवा नागपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे त्या भागातील शिक्षकांना सांगावयास नको. तेथे अधिक ठिपके रेटणाऱ्या यंत्रापेक्षा बेताचे ठिपके आरामात हाताळणारे यंत्र दुपारी अधिक उपयोगी पडते. शेताच्या बांधावर उभे राहून वाचावयाचे असेल, तर ठिपक्यांपेक्षा पडद्याची उजळता आधी पाहावी, कारण भर उन्हात न दिसणारे अक्षर कितीही सुबक असले तरी वाचता येत नाही.

नमुना यंत्र मागविण्याची तरतूद खरेदीत असेल, तर ते समितीच्या टेबलावर दहा मिनिटे फिरवून परत करू नये. ज्या वर्गात किंवा चावडीत ते वापरावयाचे आहे तेथे दुपारी ते न्यावे. बारीक टंकातील एखादा शासन निर्णय, एक स्कॅन केलेला जुना दस्तऐवज आणि गावाचा नकाशा त्यात आधीच भरून ठेवावा. अर्धा तास सलग काम करावे, पान मोठे-लहान करावे, नकाशा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवावा. त्या अर्ध्या तासाच्या शेवटी नकाशा बोटाबरोबर चालतो की मागून येतो, हे पाहून ग्राफिक्सच्या रकान्यात आपल्या हाताने नोंद करावी. आणि चष्मा लावणाऱ्या सदस्याला 'ष्ट' व 'ष्ठ' वेगळे दिसतात का, हे विचारून पडद्याच्या रकान्यात.